तोंडातलं विरजण

कंपाला,
८ फेब्रुवारी १९९९

प्रिय पेने,

गुरं कशी आहेत, रुतारो कसा आहे, सासूबाईंची कंबर काय म्हणते, हे आधी विचारून घेते. नाहीतर म्हणशील, ताई दातांची डॉक्टर झाली आणि गुरांची विचारपूस विसरली.

तुझा मुगुमे जाऊन पाच महिने झाले. त्याच्या मातीला आले होते तेव्हा तू मला एकच प्रश्न विचारलास, "ताई, दाताने पोर मरतं का?" आज उत्तर देते. मरतं. दाढ किडते, कीड मुळाशी जाते, पू जबड्यात उतरतो, गळा सुजतो आणि चार वर्षांच्या पोराचा श्वास कोंडतो. मी रोज परक्यांच्या तोंडात डोकावते आणि माझ्या सख्ख्या भाच्याच्या तोंडात बघायला मला सवड झाली नाही. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

म्हणून आता नीट वाच. आपण दूध कशाने विरजतो? कालच्या ताकाने. विरजण चांगलं तर दही चांगलं, विरजण नासकं तर सगळी चरवी वाया. माणसाच्या तोंडाचंही तसंच आहे. मूल जन्मतं तेव्हा त्याच्या तोंडाला विरजण लागलेलं नसतं. दात फुटायला लागले की ते लागतं, आणि बहुतेक वेळा आईकडूनच लागतं. तू पेज चाखून तोच चमचा तान्ह्या कारुंगीच्या तोंडात घालतेस, त्यासरशी तुझ्या तोंडातले जंतू तिच्या तोंडात जातात. ते साखरेचं आम्ल करतात आणि आम्ल दात खातं. आमच्या गोऱ्या प्राध्यापकांनी असे जंतू वाढवलेत, जे आम्ल करत नाहीत, नुसती जागा अडवून बसतात. चांगल्यांनी आधी बैठक मारली की वाईटांना बूड टेकायला जागा उरत नाही.

याची चाचणी तुमच्या वाडीत आणि पलीकडच्या केळीवाल्यांच्या वाडीत व्हायची आहे. कारुंगी आता सात महिन्यांची, म्हणजे अगदी योग्य वय. पुड्या मिळतील. संध्याकाळच्या धारेनंतर एक पुडी दुधात टाकायची, जंतू वाढावेत म्हणून सकाळपर्यंत ठेवायची, सकाळी तो घोट तू तोंडात घोळवून प्यायचा आणि मग तुझ्याच चमच्याने तिला भरवायचं. असं नव्वद दिवस.

सूचनांचा कागद मी लिहिलाय. प्राध्यापक म्हणत होते, प्रत्येक घराला प्लास्टिकचा मग वाटू. मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे प्लास्टिकच्या मगाने पाय धुतात. औषधाला मान हवा असेल तर ते घरातल्या सगळ्यात चांगल्या लाकडी चरवीत गेलं पाहिजे. त्यांनी मान डोलावली आणि माझं वाक्य जसंच्या तसं छापलं. तुझ्या ताईचं तेवढं तरी ऐकतात इथे.

तू नाव दे आणि बाकीच्या बायकांनाही तयार कर. तू पुढे झालीस तर त्या येतील.

तुझी,
कोमुहांगी ताई


न्याकिझिंगा,
२ मार्च १९९९

प्रिय ताई,

गुरं बरी आहेत. लांब शिंगांची गाभण आहे. सासूबाईंची कंबर फक्त कामाच्या वेळी दुखते. तुझं पत्र बसच्या ड्रायव्हरने दोन आठवडे काचेपाशी उन्हात वाळवलं आणि मग दिलं.

मुगुमेबद्दल लिहिलंस ते मी गोठ्यामागे जाऊन वाचलं. दाढ दुखते म्हणून तो गालाला हात लावून बसायचा आणि मी त्याला म्हणायचे, नाटक पुरे. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

नाव दिलं. माझ्या मागोमाग तेरा जणींनी दिलं, एकूण चौदा घरं झाली. तुझा माणूस बेइने पुड्यांचा खोका घेऊन आला आणि चर्चच्या आवारात त्याने तुझा कागद वाचून दाखवला. चरवीचं वाक्य आलं तेव्हा म्हाताऱ्या माना डोलवायला लागल्या. म्हणाल्या, हे लिहिणारी आपल्यातलीच दिसते. मला फार बरं वाटलं.

तुझ्या औषधासाठी मी लग्नात आत्याने दिलेली चरवी काढली आहे. ती मी पाहुण्यांनाही काढत नाही. रोजच्या चरवीला एकदा धुरी देते, हिला तीनदा देते. एम्बुरारा गवत मडक्यात पेटवायचं, चरवी उपडी धरायची, आतून काळीभोर चमकेपर्यंत. सासूबाई म्हणाल्या, "एवढी धुरी माझ्या रुतारोच्या दुधाला दिली असतीस तर आतापर्यंत दुसरा मुलगा झाला असता." बोलू देत. रुतारोने तपकिरी गायीच्या दुधातून एक चरवी या कामाला वेगळी काढून दिली आहे. घरात दुधाची ओढाताण असताना दिली, हे विसरू नकोस.

ताई, या पोरीचे दात मला हवेत. दुसरं काही मागत नाही.

तुझी,
पेनिना


कंपाला,
२० मे १९९९

प्रिय पेने,

तुझं पत्र धावतपळत वाचलं. रागावू नकोस, इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. दोन्ही वाड्यांची कागदपत्रं, भाषांतरं, प्राध्यापकांची विमानं, सगळं माझ्याच गळ्यात. पण चौदा घरं जमवलीस हे वाचून मी सगळ्यांना सांगत सुटले की माझ्या बहिणीने एका दिवसात वाडी उभी केली. प्राध्यापक म्हणाले, "मग त्या वाडीची आपल्याला काळजीच नको."

एक सांगायचं राहिलं. सासूबाईंना मांस चावून कारुंगीला भरवू देऊ नकोस. तोंडात विरजण तुझं लागलं पाहिजे, त्यांचं नाही. गोडीत सांग.

जुलैत बेइने तोंडं पुसून कापसाचे बोळे घेऊन येईल. त्यातून कळेल की नवे जंतू लागलेत की नाही. माझ्या नोकरीची मुदत डिसेंबरात संपते. हे काम उभं राहिलं तर ती वाढेल. पण ते तुझ्या मनावर घेऊ नकोस.

तुझी,
ताई


न्याकिझिंगा,
११ जुलै १९९९

प्रिय ताई,

गोडीत सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या तोंडाने चार पोरं वाढवली, आता माझं तोंड विटाळलं का?" दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ते दोन दिवस बरे गेले.

लांब शिंगांची व्याली, कालवड झाली. पण तपकिरीचं दूध उतरलंय. कारुंगीला खाली दोन आणि वर दोन दात आलेत. मी रोज सकाळी उजेडाकडे तोंड करून बघते. पांढरेशुभ्र आहेत.

बेइने आला होता. त्याने सगळ्यांची तोंडं पुसली. जोव्हानिसने तोंड उघडलं तर तो दोन पावलं मागे सरला. तुला आठवत नसेल, तिच्याकडे गाय नाही, दूध विकत आणते आणि ज्या पिवळ्या मगाने अंगण शिंपडते त्याच मगात ठेवते. मी बेइनेला म्हटलं, हिच्या घरात तुमचे जंतू काय जगणार. तो हसला.

नव्वद दिवसांतला एक दिवससुद्धा मी चुकवला नाही. तापाने फणफणले होते तेव्हाही धुरी दिली, पुडी टाकली. निकाल लवकर कळव.

तुझी,
पेनिना


कंपाला,
३० सप्टेंबर १९९९

पेनिना,

निकाल आले. तुझ्या तोंडात नव्या जंतूंचा मागमूस नाही. कारुंगीच्याही नाही. तुमच्या चौदा घरांपैकी अकरा घरं कोरडी. पलीकडे केळीवाल्यांच्या पंधरांपैकी तेरा घरांत जंतू मस्त रुजलेत. पुड्या तिथेही त्याच, सूचना त्याच, माणूस तोच.

आता मला काय समजायचं ते तूच सांग. तीन महिने तोंडात घोळवलेली गोष्ट अशी हवेत विरत नाही. प्राध्यापकांनी आकडे माझ्यासमोर ठेवले. तुझ्या वाडीची हमी मी दिली होती. म्हणाले, जनावरं राखणारे लोक हो म्हणतात आणि आपलं तेच करतात, हे मी वाचलं होतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

सासूबाईंनी टाकू दिलं नाही का? पुडी वासरांना घातलीस? कंटाळलीस? मी तुझी बहीण आहे, मला खरं सांगितलं असतंस तरी चाललं असतं. "एक दिवससुद्धा चुकवला नाही" असं लिहायची काय गरज होती?

ती अकरा घरं चाचणीतून काढली आहेत. कागदावर सही माझी आहे. कारण लिहिलंय, सूचना पाळल्या नाहीत. बेइने येऊन कळवेल.

कोमुहांगी


न्याकिझिंगा,
२४ ऑक्टोबर १९९९

ताई,

बेइने आला आणि रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात, सगळ्या वाडीसमोर, त्याने अकरा नावं वाचली. पहिलं माझं. "यांनी औषध घेतलं नाही आणि घेतलं असं सांगितलं." जोव्हानिस पास झाली. जिच्या घरचं पाणी प्यायला कुत्रं तयार होत नाही, ती पास. ज्या बायका चरवीवर माशी बसू देत नाहीत, त्या सगळ्या खोट्या.

बाकीच्या दहा जणींचं काय झालं ते विचारू नकोस. त्यांच्या घरच्यांनी दोन दिवस कुरकुर केली आणि विषय सोडला. माझं तसं नाही. त्या बायका माझ्या शब्दावर आल्या होत्या, म्हणून त्या आता माझ्याशी बोलत नाहीत. आणि सासूबाईंनी घरी येऊन एकच विचारलं, "प्यायली नाहीस, तर दूध गेलं कुठं?"

मी म्हटलं, प्याले. त्या म्हणाल्या, डॉक्टरीण सांगते नाही प्यायलीस, आणि डॉक्टरीण तुझी सख्खी बहीण आहे. ती कशाला खोटं बोलेल? म्हणजे तू दूध जमिनीवर ओतलंस. नव्वद दिवस ओतलंस. म्हणूनच तपकिरी आटली.

तपकिरी आटली आहे हे खरं. ती म्हातारी झाली आहे. पण दूध ओतणारीच्या हाताखाली गाय आटते, हे तुला आणि मला कुणी शिकवायला नको. रुतारो गोठ्यात जाऊन बसतो.

सासूबाई चर्चमधल्या ‘तारण झालेल्यां’च्या मंडळीत आहेत, तुला माहीत आहे. आता मंडळीने ठरवलंय की मी डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी उभं राहून सगळ्यांसमोर पाप कबूल करायचं. म्हणजे गाणं म्हणतील, हात मिळवतील, विषय संपेल. नाही केलं तर मी माहेरी. कारुंगी दूध सोडायच्या वयाची झाली आहे, ती त्यांच्याकडे राहील.

मी काय कबूल करू? मी रोज ते दूध प्याले. माझ्या तोंडात तुझे जंतू का नाहीत हे मला माहीत नाही. ते माहीत असणं तुझं काम आहे. तू बेइनेला चार ओळी लिही की अजून शोध चालू आहे, दुसरं काही कारण असू शकेल. एवढं पुरेल. तू मला ओळखतेस.

पेनिना


कंपाला,
१५ नोव्हेंबर १९९९

पेने,

तुझं पत्र वाचून जीव कासावीस झाला. पण मी काय लिहून देऊ? आकडे आकडे असतात. बहिणीसाठी शास्त्रात लुडबुड केली असं झालं तर माझी मुदतवाढ बाजूलाच राहिली, पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. अकरा घरांचा निकाल मी एका घरासाठी कसा फिरवू?

मी थोरली म्हणून सांगते. कबूल करून टाक. एक वाक्य आहे. त्या मंडळीत दर शुक्रवारी कुणी ना कुणी काहीतरी कबूल करतंच. कुणी बिअर प्यालो म्हणतं, कुणी शेजारणीचा हेवा केला म्हणतं. दहा मिनिटांत लोक विसरतात. खरं काय आणि खोटं काय ते देवाला माहीत आहे. घर टिकतं, पोरगी जवळ राहते. ताठरपणाने कुणाचं भलं झालंय?

दोन टूथब्रश आणि पेस्ट पाठवते आहे. कारुंगीचे दात रोज घास.

ताई


काशोंगी, दादाचं घर,
९ जानेवारी २०००

ताई,

मी उभी राहिले होते. सगळे गाणं म्हणायला तयार होते. मी म्हटलं, मी दूध ओतलं नाही, आणि बसले.

दुसऱ्या दिवशी रुतारोने माझी पेटी सायकलवर बांधली आणि मला इथे दादाकडे आणून सोडलं. वाटेत एकदा थांबला, पाणी प्यायला, मलाही दिलं. म्हणाला, "आई आहे तोवर माझं काही चालत नाही." कारुंगी त्यांच्याकडे आहे. टूथब्रश मी तिच्या कपड्यांत ठेवले होते. सासूबाईंनी ते परत पाठवले.

दादा चांगला आहे. वहिनी रोज विचारते की मी अजून किती दिवस आहे.

मला लिहू नकोस.

पेनिना


कंपाला,
३ जून २००१

पेने,

तू लिहू नकोस म्हणालीस, मी दीड वर्ष पाळलं. आता लिहिलं नाही तर मला झोप लागायची नाही.

गेल्या महिन्यात इथल्या एका नर्सच्या पाठवणीला गेले होते. मुलाकडचे आपल्याकडचेच होते. त्यांनी चरव्यांतून दूध आणलं होतं. मी झाकण काढलं आणि धुराचा वास आला. मी चरवी हातात धरून तशीच उभी राहिले. लोकांना वाटलं, मला गावाची आठवण आली.

त्यांच्याकडून दोन चरव्या मागून आणल्या. एम्बुरारा गवत मागवलं. प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात बसून मी धुरी दिली. हात विसरले नव्हते. पुडी टाकली, दुसरी पुडी प्लास्टिकच्या मगात टाकली. सकाळी मगात जंतूंची जत्रा, चरवीत एकही जिवंत नाही. सात वेळा करून बघितलं. सातही वेळा तेच.

आपण चरवीला धुरी कशाला देतो, पेने? दूध नासू नये म्हणून. नासवणारे जंतू धुराने मरतात म्हणूनच ते नासत नाही. मग माझे चांगले जंतू त्यात जगतील असं मला कसं वाटलं? धुरी काय चांगला-वाईट बघून मारते? जिने जास्त निगा राखली तिचे जंतू आधी मेले. म्हणून जोव्हानिस पास आणि तू नापास. पलीकडे केळीवाल्यांकडे गायीच नाहीत, म्हणून चरव्याही नाहीत; विकतचं दूध आणून त्यांनी जे भांडं हाताला लागलं त्यात कालवलं.

प्राध्यापक प्लास्टिकचे मग वाटणार होते. चरवीचं वाक्य माझं होतं.

मग मी तुझी जुनी पत्रं काढली. दोन मार्चचं. "रोजच्या चरवीला एकदा धुरी देते, हिला तीनदा देते." तू मला लिहून कळवलं होतंस. मी ते वाचलं होतं.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. काय करू ते सांग. जे सांगशील ते करीन.

ताई


काशोंगी,
१ जुलै २००१

ताई,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं. म्हणजे मी नव्वद दिवस रोज संध्याकाळी माझ्या हाताने त्यांना मारत होते, आणि ते सुद्धा किती मन लावून.

काय करू विचारतेस, तर सांगते. एकच काम आहे.

कारुंगी तीन वर्षांची होईल. मी रविवारी सात मैल चालत चर्चला जाते, कारण ती तिथे दिसते. सासूबाई तिला मांडीवर घेऊन पुढच्या बाकावर बसतात, मी मागे. गडबड करू नये म्हणून तिच्या हातात साखरेचा खडा देतात. वरचे पुढचे दोन दात तपकिरी झालेत. मागच्या रविवारी ती माझ्याकडे बघून हसली आणि हसताना तिने ओठ मिटून घेतले. तीन वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं असेल?

रुतारोसाठी दुसरी बघतायत. डिसेंबरात गुरं द्यायची बोलणी आहेत. ती घरात आली की माझी वाट कायमची बंद.

तू ये. ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी मंडळी भरते. तिथे उभी राहा आणि म्हण, पेनिना खोटं बोलली नाही, चूक माझी होती. बस. शास्त्र सांगू नकोस. तू म्हणालीस तर ते मानतील, कारण मी खोटी आहे हेही त्यांनी तुझ्याच शब्दावर मानलं होतं. एक वाक्य आहे. सकाळची बस धरलीस तर दुपारी पोचशील.

मी नाक्यावर उभी राहीन.

पेनिना


कंपाला,
१२ सप्टेंबर २००१

प्रिय पेने,

तू नाक्यावर उभी राहिली असशील हे मला ठाऊक आहे. ऐकून घे.

चरवीची गोष्ट मी प्राध्यापकांना सांगितली. मला वाटलं होतं, ओरडतील. ते खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, हे तर मूळ कामापेक्षा मोठं आहे. दोन आठवड्यांत त्यांनी माझं विमानाचं तिकीट काढलं आणि ऑगस्टच्या शेवटी मला परदेशी परिषदेत बोलायला उभं केलं. तारीख तीच होती. मी सांगायचा प्रयत्न केला, पण ती माणसं तारखा बदलत नाहीत. तीनशे माणसं होती, पेने. धुरीच्या मडक्याचं चित्र पडद्यावर दाखवलं. लोक बोलणं संपल्यावर मला येऊन भेटत होते. माझी नोकरी आता कायम झाली आहे.

पण तुझं काम मी विसरलेले नाही. सोबत छापील अहवाल आहे आणि शेवटची दोन पानं मी मुद्दाम आपल्या भाषेत लिहून घेतली आहेत. त्यात सगळं आहे. धुरीने जंतू मेले, बायकांची चूक नव्हती. तुझ्याबद्दल तर वेगळा परिच्छेद आहे: घर क्रमांक २१ मधील बाईने सूचना सर्वात काटेकोरपणे पाळल्या होत्या. ती तू. नावं छापायची नाहीत असा नियम आहे, नाहीतर मी तुझं नाव मोठ्या अक्षरात घातलं असतं.

हे मंडळीत वाचून दाखव. छापलेल्या कागदाला माझ्या बोलण्यापेक्षा जास्त वजन असतं. मी नाताळात नक्की येते.

तुझी,
ताई


न्याकिझिंगा,
४ नोव्हेंबर २००१

ताई,

अहवाल मिळाला. मी तो घेऊन शुक्रवारी मंडळीत गेले. शाळेच्या मास्तरांनी शेवटची दोन पानं मोठ्याने वाचली, दोनदा.

लोकांना फार आवडलं. आपल्या धुरीपुढे गोऱ्यांचे जंतू एक रात्र टिकले नाहीत, हे ऐकून म्हातारे मांड्या थोपटायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "मी आधीच सांगत होते, आपल्या चरवीत घाण जगत नाही." ज्या दहा जणींची नावं वाचली होती त्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि त्यांचे चेहरे उजळले.

मग मी उभी राहिले आणि म्हटलं, घर क्रमांक एकवीस म्हणजे मी.

मग सासूबाईंनी विचारलं, "नाव कुठंय?" मास्तरांनी पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. म्हणाले, नाव नाही. सासूबाई म्हणाल्या, "मग एकवीस मीही असेन." लोक हसले. मी म्हटलं, माझ्या बहिणीने पत्रात लिहिलंय. त्या म्हणाल्या, "बहीण एवढी खात्रीची असती तर स्वतः आली असती. दोन वर्षांपूर्वी तू खोटी आहेस हे सांगायला तिने माणूस पाठवला होता. आता तू खरी आहेस हे सांगायला कागद पाठवते, आणि त्या कागदात तुझं नाव नाही." त्या दहा जणींपैकी एकीनेही तोंड उघडलं नाही. तपकिरी त्यांच्या गोठ्यातली नव्हती.

कारुंगी त्यांच्या मांडीवर होती. रडत होती, गाल धरून. वरचे चार दात आता काळे आहेत आणि एका बाजूची हिरडी फुगली आहे. मुगुमेचं असंच सुरू झालं होतं. मी तिला घ्यायला हात पुढे केला तर सासूबाईंनी तिला पदरात झाकलं. रुतारो खाली बघत होता.

ताई, मी तिथल्या तिथे उभी राहिले आणि म्हटलं, मी दूध ओतलं. नव्वद दिवस ओतलं. सैतानाने माझ्याकडून ते करवलं आणि वर मी खोटं बोलले. माझ्या तोंडातून हे इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं. त्यांनी गाणं म्हटलं. सगळे येऊन हात मिळवून गेले, जोव्हानिससुद्धा. सासूबाई रडल्या आणि त्यांनी पोरीला माझ्या मांडीवर दिलं. दुसरीची बोलणी मोडली आहेत.

त्याच रात्री मी रुतारोला सायकल काढायला लावली आणि पहाटे आम्ही कारुंगीला मिशनच्या दवाखान्यात नेलं. चार दात काढले. ती वाचली. आता तिला मऊ भात आणि दूध देते आहे. डॉक्टर म्हणाले, पक्के दात ती सात-आठ वर्षांची झाली की येतील, त्यांची काळजी घ्या. घेईन.

मी इथे सुखाने आहे. सगळे माझ्याशी गोड बोलतात, पश्चात्ताप केलेल्या बाईशी बोलतात तसं.

तू नाताळात येणार आहेस असं लिहिलंस. येऊ नकोस. तू येऊन खरं सांगितलंस तर मी देवासमोर खोटी कबुली दिली असं होईल, आणि या वेळी ते मला पोरीला लांबूनसुद्धा बघू देणार नाहीत.

पेनिना